प्लॅटफॉर्म क्रमांक तीन

११ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्यानं सामान क्वार्टरच्या दारात उतरवलं, मी गॅस जोडला आणि नव्या घरातला पहिला चहा अब्बांनी केला. खलबत्ता कुठल्या पोत्यात गेला ते सापडेना, म्हणून त्यांनी उंबऱ्यावरच दगडानं आलं ठेचलं. चहाला थोडी मातीची चव होती. तरी दोघांनीही दोन-दोन कप प्यायले.

स्टेशनचं नाव पिंपरणी रोड. रहिमतपूर आणि कराडच्या मधलं. गाव ओढ्यापलीकडं आहे. अलीकडं नुसतं स्टेशन, शेजारी-शेजारी चार क्वार्टर, एक चिंच आणि नजर जाईल तिथवर ऊस. तोडी सुरू झाल्यात, वाऱ्याबरोबर मळीचा वास येतो. अब्बांना असल्या आडरानात नेऊ नकोस म्हणून अजीमनं फोनवर किती बजावलं होतं. अजीम माझा धाकटा भाऊ. आमच्या विट्यातली निम्मी पोरं जातात तसा तोही गलाईच्या दुकानात गेला, तिकडं सेलमला सोनं आटवतो आणि आम्हाला फोनवरून हुकूम सोडतो. पण सकाळपासून अब्बा एकदाही खोकले नाहीत, हे त्याला आज मुद्दाम कळवलं.

माझं काम असं. स्टेशनवर नवा इंडिकेटर बोर्ड लागलाय आणि गाड्यांची घोषणा करणारा कॉम्प्युटर बसवलाय. दोन्ही चालवायला आणि सांभाळायला कंपनीनं मला करारावर घेतलंय. विश्रामबागच्या मोबाइलच्या दुकानात लोकांचे फुटलेले स्क्रीन बदलत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझ्यापेक्षा अब्बांनाच जास्त कौतुक आहे. अख्ख्या खानापूर तालुक्यात त्यांना मोहिद्दीन भोंगेवाले म्हणून ओळखत. रिक्षाला दोन भोंगे बांधून कुस्त्यांची मैदानं, नळाचं पाणी, हरवलेली पोरं, सगळं त्यांच्या तोंडून गावाला कळायचं. गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आवाज गेला. आता बोलतात ते चुलीवर फुंकर घातल्यासारखं, फक्त मला आणि अजीमला कळतं. त्यांची लेक घोषणा करणार, याचं त्यांना फार वाटतंय.

संध्याकाळच्या पॅसेंजरची घोषणा त्यांनी प्लॅटफॉर्मवर उभं राहून ऐकली. कशी वाटली म्हणून मी विचारलं. म्हणाले, यंत्रातली बाई गोड बोलते, पण मधे श्वास घेत नाही.

१७ नोव्हेंबर

आठवडाभरातच सगळी ओळखीची झाली. माणसं आहेतच किती!

स्टेशन मास्तर थोरात साहेब. शांत माणूस. त्यांची आई राहीबाई शेजारच्या क्वार्टरमध्ये अंथरुणाला खिळून आहे. दोन गाड्यांच्या मधे साहेब घरी जातात, आईला पेज भरवतात, कूस बदलून देतात आणि हात पुसत परत येतात. मी मदत करू का म्हटलं, तर म्हणाले, आता माझ्याशिवाय कुणाचा हात तिला चालत नाही.

बनुबाई प्लॅटफॉर्मवर पेरू आणि उकडलेल्या शेंगा विकते. पहिल्याच दिवशी माझ्या ओंजळीत शेंगा ओतून म्हणाली, "पैशाचं काय काढतीस गं? तुज्या बाला नरम शेंगा लय आवडतील, दात कुटं हायत त्येला!" तेव्हापासून दुपार झाली की अब्बा, बनुबाई आणि हरिबा अशी तिघांची बैठक बसते. हरिबा म्हातारा फौजी. गाडी कुठलीही असो, मालगाडी असली तरी, उठून ताठ उभा राहतो. अब्बांचं बोलणं त्याला कळत नाही आणि त्याला ऐकूही कमी येतं. तरी दोघांचं छान जमतं.

गँगमन कृष्णात रोज रूळ तपासत जातो. महिन्यापूर्वी त्याला मुलगी झाली. फोनमधला तिचा फोटो त्यानं मला निदान दहा वेळा दाखवलाय.

बोर्डाचं काम सोपं आहे. गाडीचं नाव, वेळ, प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्म इथं दोनच. दोन नंबरच्या पलीकडं पूर्वी गुळाच्या ढेपा भरायची लाइन होती म्हणे. तिचे रूळ उचलून नेले. आता तिथं बाभळी माजल्यात.

२६ नोव्हेंबर

आज एक गंमत झाली. दुपारी बोर्डावर कराडच्या गाडीखाली आपोआप एक ओळ उमटली. गाडीचं नाव असतं त्या जागी ‘हरिबा’. वेळेच्या जागी नुसत्या रेघा. प्लॅटफॉर्म ३.

थोरात साहेबांना बोलावून दाखवलं. ते हसले. म्हणाले, बसवायला आलेल्या पोरांनी तपासणीसाठी काहीबाही टाइप केलं असेल, पुसून टाका. मी शोधलं, पण कॉम्प्युटरमध्ये अशी नोंदच नव्हती. तेवढ्यात ती बाई बोललीसुद्धा. नेहमीच्याच गोड आवाजात. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आणि पुढं हरिबाचं नाव.

हरिबा बाकावरच होता. त्याला बोर्डावरचं दिसत नाही आणि घोषणा त्याच्या कानापर्यंत पोचली नसावी. बनुबाईनं त्याला कोपरानं ढोसून सांगितलं, "आवं, तुमच्या नावाची गाडी लागली की वो!" सगळे हसलो. अब्बा हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, की हे नाव यंत्रात कुणी घातलं. कुणीच नाही, म्हटलं.

२७ नोव्हेंबर

हरिबा गेला.

बाकावर, दुपारच्या उन्हात. पुण्याची गाडी आली तेव्हा उठला नाही, तेव्हाच अब्बांच्या लक्षात आलं. चेहरा अगदी शांत होता. वय झालेलं, हिवाळ्याचे दिवस, कुणाला काही विशेष वाटलं नाही. मुलं आली, घेऊन गेली.

मी केबिनमध्ये गेले तेव्हा बोर्डावरची ती ओळ नव्हती.

अब्बा जेवले नाहीत. हरिबा चांगला ऐकणारा होता, म्हणाले.

६ डिसेंबर

हे लिहावं की नाही कळत नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

चार दिवसांपूर्वी सकाळी बोर्डावर ‘कृष्णात’ आलं. प्लॅटफॉर्म ३. कृष्णात तेव्हा माझ्या खिडकीसमोरूनच चालला होता, खांद्यावर हातोडा. मी हाक मारली. तो वळला, हसला, खिशातून फोन काढू लागला. त्याला वाटलं मला फोटो बघायचाय. मी काय सांगणार होते? आज घरी जा, बोर्डावर तुझं नाव आलंय? मी म्हटलं, जपून जा. तो म्हणाला, "मी रोजच जपून जातू की, ताई."

रुळालगतच्या उसात पान लागलं त्याला. इकडं साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. कराडला नेईपर्यंत संपलं.

आज त्याची बायको मुलीला घेऊन पगाराच्या कागदांसाठी आली होती. फोटोत मुलगी झोपलेली असायची. आज जागी होती. डोळे बापाचे.

थोरात साहेबांनी बोर्डाचा मेन स्विच पाडला. बोर्ड चालूच राहिला. मग मला म्हणाले, की कंपनीला कळवा. कळवलं. माणूस पाठवतो म्हणाले.

१३ डिसेंबर

आज बनुबाई.

तिचं नाव उमटलं तेव्हा ती माझ्यासमोर बसून अब्बांसाठी शेंगा सोलत होती. मी कॉम्प्युटरकडं वळले. पण या वेळी कॉम्प्युटरवरही ती ओळ दिसली, आणि इतर गाड्यांना असतात तीच बटणं तिच्यापुढं होती. वेळेवर. विलंबाने. रद्द.

मी रद्द दाबलं.

बाई बोलली. बनुबाईची गाडी रद्द करण्यात आली आहे, प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मी खुर्चीत बसून रडले. आनंदानंच रडले.

दुपारी फाटकाजवळ उसाची ट्रॉली उलटली. बनुबाई तिच्याखाली होती. मोळ्या उपसून तिला बाहेर काढेपर्यंत सगळ्यांनी आशा सोडली होती. आणि बनुबाई उठून बसली! अंगावर ओरखडा नाही. गावातून माणसं धावत आली. बायकांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. देवीनं राखली, म्हणतात सगळे.

म्हणू देत. राखली ती मी. कृष्णातलाही राखता आलं असतं का, हा विचार मात्र डोक्यातून जात नाही.

१६ डिसेंबर

बनुबाई पुन्हा प्लॅटफॉर्मवर येऊ लागली. येते, टोपली खाली ठेवते आणि बसून राहते. ओरडून विकत नाही. पेरू परवाचेच आहेत, त्यांना वास यायला लागलाय, तिला कळत नाही.

मी जवळ जाऊन तिचा हात धरला. पहाटे रुळाला हात लावला तर जसा लागेल, तसा गार. दुपारचं ऊन होतं, ती उन्हातच बसली होती, तरी तसा. मी विचारलं, बरं वाटत नाही का? तिनं माझ्याकडं बघितलं. ओळखलं, पण उशिरा.

म्हणाली, "बाई, माजी गाडी कवा हाय?"

तिनं मला कधी बाई म्हटलं नव्हतं.

१९ डिसेंबर

तिची सून आली होती. सांगत होती, सासू जेवत नाही, निजत नाही, रडत नाही, की कण्हत नाही. नातू मांडीवर जाऊन बसला तर त्याला उतरवून ठेवलं, कुणाचं आहे म्हणाली. दिवस उगवला की स्टेशनची वाट धरते. गाडी आली की प्लॅटफॉर्म दोनच्या पार टोकाला जाते, बाभळींकडं तोंड करून उभी राहते. गाडी गेली की परत येते.

"हिच्यात आमची म्हातारी न्हाई वो," सून म्हणाली. "त्या दिशी ट्रॉलीखाली गेली असती तर निदान आमी रडलो तरी असतो."

ती गेल्यावर मी बोर्डाकडं बघितलं. बोर्डावर पहिल्या ओळीत अजून तिचं नाव आहे. रद्द. काहीही केलं तरी ती ओळ जात नाही.

२४ डिसेंबर

परवा दुसरी ओळ आली. राहीबाई. तिच्यापुढं आपोआप ‘विलंबाने’.

थोरात साहेबांनी वाचलं. खरं तर त्यांना बरं वाटलं असावं. आईचे हाल त्यांना बघवत नव्हते. ते घरी गेले, तुळशीपत्र, गंगाजल काढून ठेवलं, बहिणीला बोलावून घेतलं.

दिवस गेला. दुसराही गेला. राहीबाईंचा श्वास थांबला, आणि तरी त्या बघतात. डोळ्यांनी लेकाच्या मागं-मागं फिरतात. अंग गार. तोंडात घातलेलं पाणी तसंच बाहेर येतं. डॉक्टर आला, नाडी बघितली, बॅग उचलून निघून गेला.

मला कळलं. सगळ्यांची गाडी एकच आहे. मी ती बनुबाईसाठी रद्द केली, म्हणजे सगळ्यांसाठीच अडवली.

उद्या सोडते. उद्या नक्की.

२५ डिसेंबर

सकाळी केबिनमध्ये आले ते ठरवून. बनुबाई बाकावर होती. तिच्याकडं बघितलं, मनात तिची माफी मागितली, खुर्चीत बसले.

तिसरी ओळ आली.

मोहिद्दीन.

मी घराकडं पळत गेले. अब्बा दारात बसून माझ्या चपलेचा अंगठा शिवत होते. बरे होते. हसले. गळ्याची गाठ परत आलीय हे मला ऑक्टोबरमध्येच मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि म्हणूनच मी इथं मोकळ्या हवेत त्यांना घेऊन आले होते. त्यांना सांगितलं नव्हतं. पण एवढ्या लवकर नाही. त्यांनी अजून इथला ज्वारीचा हुरडा चाखला नाही. अजीमची भेट नाही. दीड वर्ष झालं अजीमला बघून.

परत आले. बटणं समोरच होती. बनुबाई खिडकीतून माझ्याकडं बघत होती. काय होणार आहे हे मला पुरतं माहीत होतं.

रद्द दाबलं.

अजीम येईपर्यंत. फक्त तेवढंच.

२८ डिसेंबर

अजीमला रजा मिळत नाही. शेटकडं मोठं काम आहे. महिनाअखेरीनंतर निघतो म्हणाला.

अब्बा आज चहा पिताना थांबले. कप खाली ठेवला. आलं घातलं नाहीस का, विचारलं. मी त्यांच्यासमोरच ठेचून घातलं होतं.

३० डिसेंबर

थोरात साहेब आले होते. दार लावून घेतलं आणि उभेच राहिले. एवढा मोठा माणूस— मी त्यांना कधी आवाज चढवून बोलतानाही ऐकलं नाही— माझ्यापुढं हात जोडले. म्हणाले, "अल्फिया, माझ्या आईला जाऊ दे गं. ती डोळ्यांनी मला विचारते. रोज विचारते. मी काय सांगू तिला?"

मी म्हटलं, थोडे दिवस.

ते म्हणाले, तुझ्या वडिलांचं नाव मी वाचलंय. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. पण तू एकदा आईला येऊन बघ.

मी गेले नाही. मला बघायचं नाही.

२ जानेवारी

अब्बांचा हात गार झाला. झोपेत असतील म्हणून मी पांघरूण घातलं. झोपेत नव्हते. आता झोपतच नाहीत. छताकडं बघत पडून असतात. मी उठले की माझ्याकडं बघून हसतात, म्हणजे अजून मी त्यांना—

अजून ओळखतात. बनुबाईला चार दिवसही लागले नव्हते विसरायला. अब्बांना वेळ लागेल. त्यांची याददाश्त पहिल्यापासून चांगली. गावोगावच्या पाटलांची नावं पाठ.

५ जानेवारी

अब्बांनी विचारलं.

दुपारी दोघंच होतो. स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवली, बराच वेळ. मग माझं बोट घेऊन तिथं ठेवलं. काही नव्हतं तिथं. ठोका नाही.

म्हणाले, बेटा, तू काय केलंस?

मी आधी नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, की बनुबाई शेजारी बसते तेव्हा तिच्यात आतून कुणीतरी दार वाजवत असल्यासारखं वाटतं, आणि ते ऐकवत नाही. आता ते त्यांच्या स्वतःच्या आतूनही—

अजीमला येऊ दे, म्हटलं. पाया पडले त्यांच्या. बरं, म्हणाले.

८ जानेवारी

अजीम आला.

अब्बांनी त्याला बघितलं. नमस्कार केला. हात जोडून, परक्याला करतात तसा. मला विचारलं, पाव्हणे कोण?

अजीम हसला, त्याला वाटलं थट्टा. मग पायाशी बसला. अब्बा, मी, मी अजीम— अब्बांनी त्याला पाणी द्यायला सांगितलं मला.

ज्याच्यासाठी अडवलं, त्यालाच—

अजीम मोरीत जाऊन रडतोय. नळ सोडलाय, तरी ऐकू येतंय.

९ जानेवारी

अजीमला सांगितलं. त्याला वाटतं माझं डोकं फिरलंय. झटका आलाय अब्बांना, म्हणतो. मोठ्या हॉस्पिटलात नेऊ म्हणतो.

बोर्डाच्या पाचही ओळी भरल्या. खालची दोन नावं मी ओळखत नाही. गावातली असतील. कुणाच्या तरी घरी कुणीतरी—

प्लॅटफॉर्मच्या टोकाला आज तिघं उभी होती. अब्बा मधे, एका बाजूला बनुबाई, दुसऱ्या बाजूला कुणी अनोळखी.

११ जानेवारी

कॉम्प्युटर ऐकत नाही. वेळेवर दाबलं. पन्नासदा दाबलं. रद्दच दिसतं.

आज थोड्या वेळासाठी अब्बा परत आले. चेहऱ्यात आले. म्हणाले, यंत्र रद्द केलेलं मागं घेणार नाही, गाडी तू तुझ्या तोंडानं बोलव. माइक आहे ना? मग शिकवायला बसले— मला, स्वतःची—

म्हणाले, मयताची घोषणा करताना नाव दोनदा घ्यायचं. मधे थांबायचं. वय सांगायचं नाही. रडायचं असेल तर आधी रडून घ्यायचं, भोंग्यात रडू जाऊ द्यायचं नाही. ऐकणाऱ्याचं रडणं आपण आधी वापरून टाकायचं नसतं.

माझ्याकडून म्हणवून घेतलं. त्यांचं नाव. पहिल्यांदा नीट नाही जमलं. पुन्हा, म्हणाले.

पुन्हा.

मग त्यांनी मला विचारलं, तू कुणाची मुलगी?

१२ जानेवारी, दुपार

अब्बांना न्यायला अजीम कराडहून ॲम्ब्युलन्स आणायला गेला. तो येण्याआधी—

१२ जानेवारी

केलं. माइक घेतला.

बनुबाई. बनुबाई. राहीबाई. राहीबाई. खालची दोन नावं. मग मोहिद्दीन. थांबले. मोहिद्दीन. रडू नाही आलं भोंग्यात, अब्बा. नाही आलं.

गाडी आली.

रूळ नाहीत तिकडून. बाभळींतून. एकही पान हललं नाही. आवाज नाही. ऊन आरपार— नाही, आरपार नाही, खरी गाडी आहे. खिडक्यांत माणसं. हरिबा उभा आहे. कृष्णात—

बनुबाई चढली. चढताना वळली. टोपली खाली ठेवून गेली.

राहीबाई आल्या. चालत. साहेबांच्या घरातून रडणं ऐकू आलं. मोठ्यानं, पोरासारखं. सुटले बिचारे.

दोन माणसं गावाकडून. ओळखत नाही.

अब्बा. सावकाश. दांडीला धरून. आत जाऊन खिडकीशी बसले. पहिल्यासारखे दिसतात. आवाज होता तेव्हासारखे.

माझ्याकडं बघतात. ओळखलं. मला ओळखलं—

गाडी हलत नाही.

अजून उभीच. सगळे बसलेत. का—

कळलं. नुसतं बोलावलं मी. सुटल्याचं सांगितलं नाही. मी म्हणेपर्यंत उभीच राहणार. म्हटलंच नाही तर अब्बा तिथं खिडकीत— रोज दिसतील— माझ्याकडं बघत—

नाही. नाही. आत बनुबाई आहे. आत सगळे आहेत.

माइक हातात आहे. तोंड उघडत नाही. अब्बांचे ओठ हलतायत. काचेतून ऐकू येत नाही. पुन्हा, म्हणत असतील.

लिहून काढते. लिहिलं की वाचता येईल. वाचायचंच आहे फक्त. एक वाक्य.

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. प्लॅटफॉर्म क्रमांक तीनवर उभी असलेली गाडी आता सुट—